कुजणाऱ्या ओकचा धनी कोण? कोस्तान्येवित्साच्या फोर्मा विवाचं प्रकरण

स्लोव्हेनियाच्या आग्नेय टोकाकडे, दोलेन्यस्का प्रांतात, क्रका नावाची एक संथ नदी आहे. एके ठिकाणी ती असं वळण घेते की मधलं गाव बेटावर सापडतं. त्या गावाचं नाव कोस्तान्येवित्सा. जुन्या गावाची वस्ती हजाराच्या आत, दोन पूल, आणि नदी फुगली की रस्त्यावर पाणी. सप्टेंबर २०१० च्या पुरात गावाची दैना झाली होती. तिकडचे लोक कौतुकाने त्याला दोलेन्यस्काचं व्हेनिस म्हणतात. पूर आला की हेच कौतुक अंगाशी येत असणार.

आपलं प्रकरण मात्र बेटावरचं नाही. गावाबाहेर चालत जाण्याच्या अंतरावर सिस्टर्शियन या कॅथलिक पंथाच्या साधूंचा एक जुना मठ आहे, १२३४ सालचा. त्याच्या भोवतीच्या गवतात, झाडांच्या आडोशाला आणि कुठे कुठे अगदी उघड्या मैदानात ओकची मोठमोठी शिल्पं उभी आहेत. काही खांबासारखी सरळ, काही एकमेकांत अडकवलेल्या तुळयांसारखी, काहींच्या पोटात आरपार भोकं. १९६१ पासून फोर्मा विवा नावाच्या शिल्पशिबिरासाठी जगभरातून आलेल्या शिल्पकारांनी ती इथेच, याच गवतावर कोरली. आजवर शंभराहून जास्त झाली. सगळी लाकडाची, सगळी उघड्यावर, आणि तिथला हिवाळा बर्फाचा.

पुढे काय झालं असेल ते सांगायला तज्ज्ञ नको. सुरुवातीच्या वर्षांतली काही शिल्पं आता उरलेली नाहीत. काही दुरुस्त करून उभी आहेत. काही अशा अवस्थेत आहेत की हात लावावा की नाही, हाच वाद. सार्वजनिक कलेच्या कामात असलेल्या कोणालाही हे प्रकरण नीट बघण्यासारखं आहे, कारण इथे कोणीही ढिसाळपणा केलेला दिसत नाही. हेतू चांगला, माणसं गुणी, लाकूड उत्तम. तरीही साठ वर्षांनी एक प्रश्न शिल्लक राहतोच: शिल्पकार घरी गेला, आता या लाकडाचा धनी कोण?

खाणीतून आलेली कल्पना

फोर्मा विवा हे नाव लॅटिन, अर्थ ‘जिवंत आकार’. याकोब साविन्शेक आणि यानेझ लेनासी या दोन स्लोव्हेन शिल्पकारांनी १९६१ मध्ये या शिबिराची सुरुवात केली. मूळ ठिणगी शेजारच्या ऑस्ट्रियातली. कार्ल प्रान्टल या शिल्पकाराने १९५९ मध्ये बुर्गनलांडमधल्या सांक्ट मार्गारेटेन इथल्या दगडाच्या खाणीत काही शिल्पकारांना बोलावलं आणि सगळ्यांनी उन्हाळाभर तिथेच राहून, तिथलाच दगड घेऊन, उघड्या आभाळाखाली काम केलं. स्टुडिओ नाही, गॅलरी नाही, गिऱ्हाईक नाही. एकमेकांच्या छिन्नीचा आवाज ऐकत काम करायचं, संध्याकाळी एकत्र जेवायचं. आज गावोगाव ‘शिल्पकला शिबिर’ म्हणून जे भरतं, त्याचा बराचसा वंश या खाणीत सापडतो.

साविन्शेक आणि लेनासी यांनी ही कल्पना उचलली आणि तिच्यात एक भर घातली. माझ्या मते ती त्यांची खरी हुशारी. त्यांनी जागेनुसार माध्यम बांधून टाकलं. किनाऱ्यावर पोर्तोरोझजवळच्या सेचा या भूशिरावर दगड, आणि कोस्तान्येवित्साला ओक. दोन्ही ठिकाणं १९६१ मध्येच सुरू झाली. १९६४ मध्ये राव्ने ना कोरोश्केम या पोलादाच्या गावात पोलाद आलं आणि १९६७ मध्ये मारिबोर या औद्योगिक शहरात काँक्रीट. चार गावं, चार माध्यमं. शिल्पकाराला हवं ते आणून दिलं जाणार नव्हतं. इथे जे पिकतं, खणलं जातं, ओतलं जातं, त्यातूनच काय ते करायचं.

राव्नेमध्ये याचा अर्थ फार ठोस होता. तिथल्या पोलाद उद्योगाची परंपरा १६२० पर्यंत मागे जाते. पोलादी शिल्प एकट्याने होत नाही. क्रेन लागते, गॅस कटर लागतो, आणि मुख्य म्हणजे तो हातात सहज खेळवणारा वेल्डर लागतो. तेव्हा शिल्पकार आणि कामगार एकाच पत्र्यावर वाकलेले असत. स्लोव्हेनिया तेव्हा समाजवादी युगोस्लाव्हियाचा भाग होता, आणि त्या देशाला हे दृश्य आवडणारच होतं. पण ते निव्वळ दिखाऊ नव्हतं. कामगाराशिवाय त्यातलं एकही शिल्प उभं राहिलं नसतं.

वेळही बघा. १९४८ मध्ये टिटोंनी स्टालिनशी फारकत घेतल्यावर युगोस्लाव्हियात सोव्हिएत पद्धतीच्या ठोकळेबाज कलेचा दबाव दोन-चार वर्षांत ओसरला होता, आणि अमूर्त आकारांना सरकारी जागेत उभं राहायची मुभा मिळाली होती. सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली, नेहरू तिथे होते. महिनाभर आधी बर्लिनमध्ये भिंत उभी राहायला लागली होती. त्याच उन्हाळ्यात एका खेड्याच्या कडेला निरनिराळ्या देशांचे शिल्पकार लाकडावर घाव घालत होते. राजकारणाचा फायदा कलेला असा क्वचितच होतो.

एक गोष्ट मात्र चुटपुट लावते. साविन्शेक यांनी फोर्मा विवाचा पहिला उन्हाळाही धड पाहिला नाही. ऑगस्ट १९६१ मध्ये जर्मनीतल्या किर्शहाइम इथे, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. लेनासी पुढे २००८ पर्यंत जगले. इलिर्स्का बिस्त्रित्सा इथल्या टेकडीवरचं १९६५ चं त्यांचं पांढरं युद्धस्मारक अनेकांनी छायाचित्रात तरी पाहिलेलं असतं.

आधी शिल्पं, मागून संस्था

कोस्तान्येवित्सालाच का? याचं उत्तर एका मास्तरांपाशी येऊन थांबतं. लाडो स्मरेकार हे गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. शाळेच्या भिंतींवर खऱ्या चित्रकारांची खरी चित्रं लावावीत हा त्यांचा ध्यास. गावचा, अकाली गेलेला चित्रकार योझे गोर्युप याच्या नावाने त्यांनी शाळेतच कलादालन उभं केलं. ज्या गावात मुलं रोज दप्तर घेऊन चित्रांसमोरून जातात, तिथे परदेशी शिल्पकार येऊन लाकूड तोडू लागले तर कोणी वेड्यात काढणार नाही, हे उघड आहे.

मठाची अवस्था तेव्हा वाईट होती. सम्राट जोसेफ दुसरा याने १७८६ मध्ये तो बंद केला होता, आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, तो जाळला गेला. म्हणजे १९६१ मध्ये शिल्पकार आले ते एका जळक्या, अर्धवट पडलेल्या इमारतीच्या अंगणात. आज त्या मठात जे संग्रहालय आहे, ते दोलेन्यस्काचेच चित्रकार बोझिदार याकत्स यांच्या नावाचं. त्याची स्थापना १९७४ ची.

हा क्रम मी मुद्दाम सांगतोय. १९६१ ते १९७४ म्हणजे तेरा वर्षं. एरवी आधी संग्रहालय होतं, मग नोंदवही, मग वस्तू. इथे आधी वस्तू आल्या, दर उन्हाळ्याला नव्या आल्या, आणि त्यांना सांभाळणारी संस्था मागून आली. लग्न आधी आणि घर मागून, अशातला प्रकार. तोवर पहिल्या उन्हाळ्यांतल्या ओकने दहा-बारा हिवाळे काढलेले होते.

व्यवहार साधा होता, आजही साधारण तसाच असतो. यजमान शिल्पकाराला राहायला जागा, जेवण, ओंडका, मदतनीस आणि थोडे पैसे देणार. शिल्पकार उन्हाळ्यातले काही आठवडे काम करणार आणि झालेलं शिल्प इथेच ठेवून जाणार. दोन्ही बाजूंना परवडणारा सौदा. तरुण शिल्पकाराला तीन मीटरचा ओंडका स्वतःच्या खिशातून घेणं कुठे जमतं? आणि खेड्याला जगभरातली शिल्पं विकत घेणं कुठे जमतं?

स्लोव्हेन शिल्पकलेला यातून काय मिळालं, हे आकड्यात सांगता येत नाही, पण दिसतं. आधुनिक शिल्प राजधानीच्या चौकातून उठून शेताच्या कडेला आलं. ते होताना लोकांनी पाहिलं. तयार अमूर्त शिल्प एका रात्रीत चौकात उगवलं तर लोक हसतात किंवा चिडतात. तेच महिनाभर डोळ्यांसमोर घडलं की निदान ‘त्या घामट माणसाने केलंय’ एवढी ओळख तरी होते. आणि मदतीला गावातलाच सुतार असेल तर ते थोडंसं त्याचंही होतं.

ओंडक्याचं गणित

आता लाकडाकडे वळू. सगळी मेख तिथे आहे.

(आपल्याकडे ओक आडनावाची माणसं पुष्कळ, ओकचं झाड मात्र बघायचं तर हिमालयात जावं लागतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.)

कोस्तान्येवित्साजवळ क्राकोव्स्की गोज्द नावाचं जंगल आहे. सखल, पाणथळ, पुराच्या पाण्यात उभं राहणाऱ्या ओकचं, स्लोव्हेनियातलं या प्रकारचं सगळ्यात मोठं. युरोपात घरं, जहाजं, दारूची पिंपं ज्या ओकची झाली, तोच हा. याचा गाभा टिकाऊ. त्यात टॅनिन भरपूर असतं आणि ते बुरशीला सहजासहजी मानवत नाही. सालीलगतचा पांढरट थर मात्र कामाचा नाही. उघड्यावर तो काही वर्षांत भुसभुशीत होतो.

तीन मीटर लांब आणि सत्तर सेंटीमीटर व्यासाचा ओंडका धरा. त्याचं घनफळ साधारण १.१५ घनमीटर. नुकत्याच तोडलेल्या ओकचं वजन घनमीटरला टनभर, म्हणजे हा ओंडका टनापेक्षा जड. पूर्ण वाळला की घनमीटरला सातशे किलोच्या आसपास उतरतो. याचा अर्थ असा की शिल्पकार पटाशी लावतो तेव्हा त्या ओंडक्यात तीनेकशे किलो पाणी अजून निघून जायचं असतं. ते जायला किती वेळ लागतो? फळीच्या दर इंच जाडीला एक वर्ष, असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे. सत्तर सेंटीमीटरच्या ओंडक्याला हा हिशेब लावला तर शिबिराचे आठवडे त्यात कुठेच दिसत नाहीत.

ओल्या ओकवर काम करणं सोपं असतं, म्हणून ते ओलंच कोरलं जातं. वाळलेला जुना ओक पटाशीची धार घालवतो. पण ओलं लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. घेराच्या दिशेने ते आठ-नऊ टक्के आकसतं, केंद्रापासून सालीकडे त्याच्या निम्म्यानेच. घेराला आत यायचंय, त्रिज्या येऊ देत नाही. मग लाकूड फाटतं. सव्वादोन मीटर घेराच्या ओंडक्यात दोन-चार सेंटीमीटर रुंदीची उभी भेग पडणं हा दोष नाही, भूमिती आहे. जाणता शिल्पकार ओंडक्याचा मध्य पोखरून टाकतो किंवा मागच्या बाजूने मुद्दाम खाच देतो, म्हणजे भेग तिथे पडावी. कोस्तान्येवित्सातल्या शिल्पांत आरपार पोकळ्या इतक्या का, याचं अर्धं उत्तर सौंदर्यशास्त्रात असेल, उरलेलं अर्धं इथे आहे असं मला वाटतं.

तर भेग पडली. आता एखाद्या अशा शिल्पापाशी उकिडवं बसून खालून वर बघत जाऊ.

पाया जमिनीत किंवा जमिनीला टेकलेला. तिथे गवत वाढतं, गवत कापायचं यंत्र जवळून जातं तेव्हा ओल्या गवताचा चोथा बुंध्यावर उडतो आणि चिकटून राहतो. उभ्या ओंडक्याच्या खालच्या टोकाला लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. वात तेल ओढते तसं ते टोक पाणी ओढतं. नखाने टोचलं तर बाहेरचा इंचभर भाग ओल्या केकसारखा आत जातो. जरा वर, जिथे वारा लागतो तिथे, लाकूड राखाडी आणि खणखणीत. बोटाच्या पेराने ठोकलं की भरीव आवाज येतो. कुठे जुना लोखंडी बोल्ट असेल तर त्याच्याभोवती निळसर काळा डाग पसरलेला. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की जी शाई होते, तीच ही. पूर्वी ओकवरच्या गाठींपासून लिहायची शाई अशीच करत. आणि अगदी वर, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही, तिथे सगळ्यात वाईट. माथ्याच्या सपाट कापावर पावसाचं पाणी साचतं, भेगेतून आत उतरतं, आणि आतून लाकूड खायला सुरुवात होते. बाहेरून शिल्प ठणठणीत, आतून पोकळ. ओकच्या मेलेल्या गाभ्यावर वाढणारी एक कवकछत्री असते, तिच्या खालच्या बाजूला चक्रव्यूहासारखी नक्षी असते. खरं सांगायचं तर ती काही शिल्पांपेक्षा देखणी दिसते.

बुरशीला लाकडात वीस टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो. त्याखाली ती वाढत नाही. कोरड्या छपराखाली ओक शतकानुशतकं टिकतो, तो यामुळे. जमिनीत पुरलेल्या पाच सेंटीमीटर जाडीच्या खुंट्यांवर युरोपात ज्या जुन्या चाचण्या झाल्या, त्यांत ओकचा गाभा १५ ते २५ वर्षं टिकतो असं धरलं जाई. शिल्प जाड असतं, ते जास्त काढेल. पण १९६१ नंतर साठ वर्षं उलटून गेलीत.

काय करता येतं

कोस्तान्येवित्सातलं संग्रहालय काही हात बांधून बसलेलं नाही. डागडुजी चालते, संवर्धनाची कामं होतात. तरीही उपलब्ध मार्ग एकेक तपासले तर प्रत्येकाची किंमत दिसते.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम कंटाळवाणं आहे: शिल्प जमिनीपासून उचलणं. खाली धातूचे पाय, मध्ये चार बोटं हवा, भोवती गवताऐवजी खडी. निम्मी कूज इथेच थांबते. पण जमिनीतून झाडासारखं उगवल्यागत दिसावं म्हणून केलेलं शिल्प चार पायांवर उचललं की ते फर्निचर वाटू लागतं. माथ्यावर शिशाची किंवा तांब्याची टोपी बसवता येते, घराच्या पन्हाळीवर बसवतात तशी. पाणी अडतं, पण टोपी दिसते.

दुसरं, मलमपट्टी. तेल, मेण, बुरशीनाशक. पूर्वी युरोपभर रेल्वेच्या स्लीपरांना चोपडायचे तसलं डांबरी तेल लाकडाला बिनधास्त लावत. आता त्याच्या विषारीपणामुळे त्यावर कडक बंधनं आहेत. आजची सौम्य तेलं दोन-तीन वर्षांत उतरतात. आता साधा हिशेब करा. शंभर शिल्पं, प्रत्येकाची दर पाच वर्षांनी एकदा नीट तपासणी आणि लेपन करायचं ठरवलं, तर वर्षाला वीस. तीन मीटर उंचीवर, परांची लावून, कोरड्या हवेच्या मोजक्या महिन्यांत. त्यात दर शिबिराला चार-पाच नवी शिल्पं वाढणार. नव्या शिबिराच्या उद्घाटनाला मंत्री येतात, फोटो निघतात. विसाव्या शिल्पाला तेल लावताना कोण येणार?

तिसरं, ठिगळ. कुजलेला भाग कोरून काढायचा आणि नवा ओक बसवायचा. कुशल हात असले तर ठिगळ नजरेत भरत नाही. राळ ओतून पोकळी भरता येते, पण राळ आणि लाकूड एका चालीने आकसत-फुगत नाहीत. सांध्याशी पुन्हा फट, फटीत पुन्हा पाणी. अशा दुरुस्तीने दहा वर्षांनी जास्त नुकसान केल्याचे अनुभव संवर्धनाच्या कामात नवे नाहीत.

चौथं, आत नेणं. मठ प्रचंड आहे, त्याच्या कमानींच्या अंगणाची ख्याती आहे. निवडक शिल्पं छपराखाली जाऊ शकतात. पण ज्या शिल्पाच्या भोकातून समोरची टेकडी दिसायची, त्यातून आता भिंत दिसेल.

आणि पाचवं, ज्याचं नाव काढलं की बैठकीत आवाज चढतात: प्रतिकृती. जुनं शिल्प मोजायचं, नवा ओंडका आणायचा, तसंच दुसरं कोरायचं. जंगल शेजारीच आहे, ओक मिळेल. पण कोरणार कोण? पहिल्या शिल्पकाराने ओंडक्यातली गाठ बघून घाव वळवला होता, ती गाठ या ओंडक्यात नाही. शिवाय कलावंताच्या नैतिक हक्काचा प्रश्न येतो. बर्न करार या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कलाकृतीची मोडतोड किंवा विकृती होऊ न देण्याचा हक्क कलावंताकडे राहतो, शिल्प विकलं किंवा देऊन टाकलं तरीही. शिल्पकार हयात असेल तर विचारता येतं. नसेल तर कुठल्या तरी खंडातल्या वारसांना शोधा, आणि त्यांना आजोबांनी १९६० च्या दशकातल्या एका उन्हाळ्यात युगोस्लाव्हिया नावाच्या, आता नसलेल्या, देशात काय कोरलं होतं ते समजावून सांगा.

राहिला शेवटचा मार्ग, जाऊ देण्याचा. फोटो काढा, त्रिमितीय स्कॅन करा, नोंद ठेवा आणि शिल्पाला त्याच्या गतीने जाऊ द्या. अनेकांना हा मार्ग काव्यमय वाटतो. कोणी लगेच गणपती विसर्जनाची आठवण काढेल. ती तुलना मला पटत नाही. विसर्जन आधीपासून ठरलेलं असतं, तिथीसकट, आणि त्याच भावनेने मूर्ती घडते. इथे कोणी काही ठरवलेलंच नव्हतं. निर्णय घेऊन जाऊ देणं आणि निर्णय टाळत टाळत जाऊ देणं, दोन्हींत शेवटी लाकूड कुजतंच, पण पहिल्यात निदान नोंदवहीत सही असते.

बाकीच्या तिघांचं काय

लाकूडच वाईट निवडलं, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो टिकत नाही.

सेचाचा दगड तुलनेने सुखी आहे. खाली मिठागरं, समोर समुद्र, आणि ऑलिव्हच्या झाडांत पांढरी शिल्पं. चुनखडीवर शेवाळ चढतं, कोपरे झिजतात, पण पिढी-दोन पिढ्यांत काही बिघडत नाही. राव्नेचं पोलाद गंजतं, पण रंगवता येतं, वेल्डिंग करता येतं, आणि ते करू शकणारी माणसं गावातच आहेत. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: दुरुस्तीचं कसब निर्मितीच्या जागेपासून दूर गेलेलं नाही.

खरी पंचाईत मारिबोरची. १९६७ ते १९८६ या काळात तिथे काँक्रीटची शिल्पं झाली, आणि ती एका बागेत न ठेवता शहरभर, वसाहतींमधून, रस्त्यांच्या कडेला उभी केली. काँक्रीट कायमचं, असा तेव्हाचा समज. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू मुरत जातो, त्यातला क्षारपणा कमी होतो, आणि हा परिणाम आतल्या सळईपर्यंत पोचला की सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि वरचा थर फोडून बाहेर येते. शिल्पात थर पातळ, आकार वाकडेतिकडे, शटरिंग एकदाच वापरायचं. सळईवर काँक्रीटचं पुरेसं जाड आवरण प्रत्येक ठिकाणी मिळालंच असेल याची खात्री कशी देणार? वर भिंतीवर लिहावं तसं त्यावर लिहिलं जातं, आणि वाहनतळ वाढवायचा झाला की पहिलं संकट शिल्पावर. लाकडाचं शिल्प मरतंय हे दिसतं, म्हणून त्याच्यासाठी बैठका होतात. काँक्रीटचं शिल्प आतून मरतं आणि लोकांना वाटतं, ते मुळातच तसं बकाल होतं.

खंड आणि पुन्हा सुरुवात

१९८० च्या दशकाच्या अखेरीस युगोस्लाव्हियाची आर्थिक घडी विस्कटली, पाठोपाठ देशच विस्कटला. कोस्तान्येवित्साचं शिबिर १९८८ नंतर थांबलं. ओंडके, जेवणखाण, मजूर पुरवणारी जी समाजवादी व्यवस्था होती, तीच उरली नाही. १९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला आणि १९९८ मध्ये शिबिर पुन्हा सुरू झालं, आता दोन वर्षांतून एकदा.

त्या दहा वर्षांच्या खंडाकडे दोन तऱ्हांनी बघता येतं. एक, परंपरा तुटता तुटता वाचली. दुसरी तऱ्हा जरा कडवट आहे. नवी शिल्पं येणं थांबलं तेव्हा जुन्यांकडे बघायला पहिल्यांदाच सवड होती, पण नेमका तेव्हाच पैसा नव्हता. पैसा आला तेव्हा तो पुन्हा नव्या ओंडक्यांकडे वळणं स्वाभाविक होतं. अनुदान देणाऱ्याला ‘चार देशांचे चार शिल्पकार’ हे वाक्य अहवालात लिहिता येतं. ‘सहा बुंधे उचलून खडीवर ठेवले’ हे वाक्य कोणाला लिहावंसं वाटत नाही.

मूळ कल्पनेतच याचं बीज आहे, असं माझं मत झालं आहे. प्रान्टलच्या खाणीत महत्त्व घडण्याच्या प्रक्रियेला होतं. सोबत राहणं, हवा, दगड, बोलणं. तयार वस्तू जवळजवळ उपफळ होती. ही भूमिका कलावंताला मोकळं करते, आणि ती सुंदर आहे. पण उपफळाचा साठा होत जातो, आणि साठ्याला कोठार लागतं, कोठाराला कारकून. फोर्मा विवाने पहिला भाग इतका चोख केला की स्लोव्हेन भाषेत फोर्मा विवा म्हटलं की लोक कुठल्याही उघड्यावरच्या शिल्पशिबिराकडे बोट दाखवतात. दुसरा भाग मठातल्या संस्थेच्या गळ्यात मागाहून पडला.

मला कोणी असं शिबिर भरवताना सल्ला विचारला तर मी दोन गोष्टी मागेन. शिल्पकार जायच्या आधी त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या: हे शिल्प किती वर्षं उभं राहावं, पाय बदलले तर चालतील का, भाग बदलला तर चालेल का, शेवटी जाऊ द्यायचं का. आणि शिबिराच्या खर्चातला ठरावीक हिस्सा त्याच दिवशी बाजूला काढा, पुढच्या वीस वर्षांच्या तेलासाठी आणि परांचीसाठी. यामुळे चारऐवजी तीनच शिल्पकार बोलावता आले तर तीनच बोलवा. हे ऐकून आयोजक सहसा विषय बदलतात.

क्राकोव्स्की गोज्दमध्ये चाळीसेक हेक्टरचा एक तुकडा राखीव आहे. तिथे कुऱ्हाड चालत नाही. ओक म्हातारा होतो, वठतो, उभ्या उभ्या पोकळ होतो आणि एक दिवस आडवा होतो. त्याला कोणी उचलत नाही. उचलायला बंदी आहे. असल्या वठलेल्या ओकवर एक लाल टोपीचा ठिपकेदार सुतारपक्षी जगतो, सडक्या लाकडातले किडे टिपतो आणि ढोलीत घर करतो. त्याच्यासाठी हे जंगल युरोपीय संरक्षणाखाली आहे. तिथून जवळच मठाच्या गवतावर त्याच जंगलातला, तसाच ओक, तसाच पोकळ होत उभा असतो, आणि त्याच्या बुंध्याशी एक माणूस गुडघे टेकून, पेचकसाच्या टोकाने टोचत, किती आत जातंय ते वहीत लिहीत असतो.